एका वेळी अनेक लहरी



जुन्या काळी रेडिओ घ्यायला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'किती बँडचा आहे?' दोन बँडचा, तीन बँडचा, पुढे आठ बँडचा. जितके बँड जास्त, तितका सेट भारी. पण त्या आठ बँडच्या सेटलाही एका वेळी एकच बँड ऐकू येई. बँडस्विच खटकन फिरवला की मध्यम लहर बंद आणि लघुलहर सुरू. सेटच्या पोटात प्रत्येक बँडसाठी वेगळी कॉइल असायची. स्विच फक्त एक कॉइल काढून दुसरी जोडत असे.

आज मला बोलायचं आहे ते बँडस्विच नसलेल्या रेडिओबद्दल. एकाच वेळी अनेक बँड ऐकणारा रिसीव्हर कसा तयार करतात, तो मुळात कशासाठी हवा, आणि आपल्या महाराष्ट्रात त्यावर केवढं मोठं काम झालं आहे, याबद्दल. विषय तांत्रिक वाटेल. पण शेताच्या बांधापासून आकाशातल्या ताऱ्यापर्यंत तो सगळीकडे पोचलेला आहे.

माझ्या निलंगा तालुक्यापासूनच सुरुवात करतो. हा सीमेवरचा मुलूख. मध्यम लहरींच्या ऐन भरात इथल्या सेटवर काटा फिरवला की १३०५ किलोहर्ट्झवर परभणीचं मराठी, ११०७ वर गुलबर्ग्याचं कन्नड आणि ७३८ वर हैदराबादचं तेलुगू लागायचं. तीन भाषा, तीन केंद्रं, पण बँड एकच. अशा सेटकडून अपेक्षा एवढीच होती, की मागू ते केंद्र द्यावं आणि बाकीची गप्प ठेवावीत. इतकी केंद्रं अँटेनावर एकदम आदळत असताना एकच निवडायचं, हे कसब त्या काळच्या सेटनं चांगलं साधलं होतं. मग एकाच वेळी अनेक बँड ऐकायची गरज कुणाला पडली?

पहिलं उदाहरण जमिनीच्या मोजणीचं देतो. आपल्याकडे बांधावरून भावाभावांत किती भांडणं होतात आणि किती पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे वेगळं सांगायला नको. पूर्वी साखळी आणि फलकयंत्र घेऊन मोजणी व्हायची. आता मोजणीदार हातात काठी घेऊन येतो, तिच्या डोक्यावर टोपीसारखं एक यंत्र असतं. लोक त्याला रोव्हर म्हणतात. हा रोव्हर म्हणजे उपग्रहांचे संकेत ऐकणारा रेडिओच. वीस हजार किलोमीटरवरून निघालेला संकेत किती वेळात पोचला, यावरून तो अंतर काढतो.

अडचण अशी, की वाटेत वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित कणांचा थर असतो. त्याला आयनांबर म्हणतात. हा थर संकेताला थोडा उशीर करतो. सूर्य तापलेला असेल आणि दुपारची वेळ असेल, तर हा उशीर पंधरा-सोळा मीटर अंतराएवढा होऊ शकतो. बांधाच्या भांडणात सोळा मीटर म्हणजे अख्खं शेतच इकडचं तिकडे. शिवाय हा थर विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांच्या पट्ट्यांत जास्त दाट असतो आणि भारताचा मोठा भाग त्यात येतो.

यावर उपाय नामी आहे. उशीर किती होणार हे लहरीच्या कंप्रतेवर अवलंबून असतं. कंप्रता कमी, तर उशीर जास्त, आणि तोही वर्गाच्या हिशेबात. कंप्रता निम्मी केली तर उशीर चौपट. जीपीएसचा एक संकेत १५७५ मेगाहर्ट्झवर येतो, दुसरा ११७६ वर. पहिल्याला सोळा मीटर उशीर झाला असेल, तर दुसऱ्याला त्याच क्षणी सुमारे एकोणतीस मीटर होतो. दोन्ही एकदम ऐकले, तर त्यांच्यातल्या फरकावरून मूळ उशीर काढून टाकता येतो. शाळेतलंच गणित आहे, दोन अज्ञात आणि दोन समीकरणं. आपल्या इस्रोनं 'नाविक'ची रचना करताना हाच विचार केला. त्याच्या उपग्रहांना ११७६ आणि २४९२ मेगाहर्ट्झ असे एकमेकांपासून लांबचे दोन पट्टे दिले. अचूक मोजणीला जवळच्या स्थिर संदर्भकेंद्राचाही आधार लागतो, ते खरं. पण मुळात रोव्हर अनेक पट्टे एकदम ऐकतो म्हणूनच हाताच्या बोटांत मावेल इतक्या अचूकतेची मोजणी शक्य होते.

दुसरं उदाहरण आपल्या जिव्हारी लागलेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या आधी किल्लारीचा भूकंप झाला. औसा, निलंगा, उमरगा या टापूतल्या गावांवर आभाळ कोसळलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. अशा वेळी तारा आणि मनोरे उभे राहतील याचा भरवसा नसतो. हौशी रेडिओवाले, ज्यांना आपण हॅम म्हणतो, ते तेव्हा आपापले संच घेऊन या भागात आले होते. त्यांच्या कामाची तऱ्हा पाहिली, तर त्यांना दोन बँड लागतात. ७ मेगाहर्ट्झची लहर आयनांबरावरून परतते आणि शेकडो किलोमीटरवर उतरते. ती मुंबई-पुण्याशी बोलायला. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासची लहर नजरेच्या टप्प्यापर्यंतच जाते. ती एका गावाहून शेजारच्या गावी बोलायला. छावणीत बसलेल्या माणसाला दोन्हीकडे कान ठेवावा लागतो. एकीकडे औषधांची मागणी येते, दुसरीकडे ट्रक कुठे पोचला ते कळतं. तिथं बँडस्विच फिरवत बसलं, तर नेमका हवा तो निरोप हुकतो.

आणि तिसरं उदाहरण प्रत्येकाच्या खिशात आहे. आजचा मोबाइल एकाच वेळी दोन-तीन पट्ट्यांवरून माहिती उतरवून घेतो, शिवाय ब्लूटूथ, वायफाय आणि उपग्रहांचे संकेत वेगळेच. आपण त्याला फोन म्हणतो. खरं तर ती रेडिओंची पेटी आहे.

गरज कळली. आता अडचणी पाहू. एकदम अनेक बँड ऐकणं अवघड का?

पहिली अडचण अँटेनाची. लहरीची लांबी काढायचं गणित सोपं आहे. तीनशेला मेगाहर्ट्झनं भागा, उत्तर मीटरमध्ये येतं. परभणीची लहर २३० मीटर लांब. एफएमची तीन मीटर. हॅम लोकांची १४५ मेगाहर्ट्झची दोन मीटर. मोबाइलची पाव-अर्ध्या हाताएवढी. अँटेना नीट चालायची तर तिचं माप लहरीच्या मापाशी जुळावं लागतं. सनई आणि तुतारीची लांबी सारखी कशी असेल? मग एका अँटेनातून सगळे सूर कसे काढायचे?

हॅम लोकांनी यावर जुगाड शोधले. ७ मेगाहर्ट्झसाठी ताणलेली साधारण वीस मीटरची तार २१ मेगाहर्ट्झवरही चालते, कारण तिच्यात वरच्या लहरीचे तीन अर्धे तुकडे बरोबर बसतात. किंवा तारेत मध्येच कॉइल आणि कंडेन्सरची जोडी घालतात. एका कंप्रतेला ती जोडी बंद फाटकासारखी वागते आणि तार आखूड होते. दुसऱ्या कंप्रतेला फाटक उघडतं आणि तार पूर्ण लांबीची होते. माणूस हात लावत नाही. आलेली लहरच आपलं फाटक उघडते.

दुसरी अडचण प्रतिमेची. आपले बहुतेक रेडिओ सुपरहेटरोडाइन पद्धतीचे. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये ती शोधली. सेट स्वतःच्या आत एक लहर तयार करतो, बाहेरच्या लहरीत ती मिसळतो आणि दोघींच्या फरकाची लहर पुढे पाठवतो. हा फरक साधारणपणे ४५५ किलोहर्ट्झ ठेवलेला असतो. परभणीचं १३०५ ऐकायचं तर आतली लहर १७६० हवी. १७६० वजा १३०५, बरोबर ४५५. पण २२१५ मधून १७६० वजा केले तरी ४५५ च येतात. म्हणजे २२१५ वर कुणी बोलत असेल, तर तोही परभणीच्या जागी घुसणार. एक बँड असताना दारावरची कॉइल त्या आगंतुकाला अडवते. पण दार सगळ्या बँडांसाठी सताड उघडं ठेवायचं ठरवलं, की असे आगंतुक चोहोबाजूंनी येतात.

तिसरी अडचण सगळ्यांत त्रासाची. अँप्लिफायर म्हणजे आवाज वाढवणारा भाग. तो वाढवताना प्रामाणिक राहिला पाहिजे. पण त्याच्यावर दोन दांडगे संकेत एकदम आदळले, की तो स्वतःच नवे सूर काढू लागतो. १०० आणि १०२ मेगाहर्ट्झवर दोन एफएम केंद्रं असतील, तर त्यांची बेरीज २०२ वर एक भूत उभं राहतं. १०० ची दुप्पट २०० वर दुसरं. बाहेर हवेत २०० वर काहीही नाही. ते रिसीव्हरच्या पोटात जन्मलेलं असतं. अरुंद बँडच्या सेटला याची फिकीर नसते, कारण ते भूत त्याच्या हद्दीबाहेर पडतं. पण ज्याला १२० पासून २५० पर्यंत सगळं ऐकायचं आहे, त्याच्या अंगणातच ते उतरतं.

मग दारावर आधी फिल्टर बसवावा, म्हणजे एफएम आतच येणार नाही. बरोबर; पण फिल्टर म्हणजे चाळणी. चाळणीत थोडं पीठ राहतंच. जो संकेत आधीच क्षीण आहे, त्यातला काही भाग फिल्टर खातो आणि वर आपली खरखर त्यात मिसळतो. आधी अँप्लिफायर ठेवला, तर क्षीण आवाज ऐकू येतो, पण दांडगा आला की गोंधळ. आधी फिल्टर ठेवला, तर गोंधळ टळतो, पण क्षीण आवाज हरवतो. बहुपट्टी रिसीव्हर बनवणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला या दोहोंतून वाट काढावी लागते. याला पुस्तकी उत्तर नाही. आपल्या आसपास किती गोंगाट आहे आणि ज्याला ऐकायचं आहे तो किती हळू बोलतो, हे पाहूनच ठरवावं लागतं.

आता उपाय. ढोबळमानानं दोन आहेत.

पहिला उपाय समजावताना मला आमच्या निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिराचं उदाहरण आठवतं. ज्यांनी ते पाहिलं आहे, त्यांना ठाऊक असेल, की सभामंडप एक आणि गाभारे तीन आहेत. माणूस एकाच दारानं आत येतो आणि ज्याला ज्या देवाचं दर्शन हवं, त्या गाभाऱ्याकडे वळतो. रिसीव्हरमध्येही अँटेना एक ठेवतात, आणि तिच्यामागे लहरी वाटून देणारा एक भाग, त्याला डिप्लेक्सर किंवा ट्रिप्लेक्सर म्हणतात. लांब लहरी एका वाटेनं, आखूड दुसऱ्या वाटेनं. प्रत्येक वाटेवर स्वतंत्र अँप्लिफायर आणि स्वतंत्र रिसीव्हर. मोबाइलमध्ये हेच आहे. खर्च वाढतो, जागा लागते, पण एका पट्ट्याचा गोंधळ दुसऱ्यात जात नाही.

दुसरा उपाय अलीकडचा. पट्टे वेगळे करायचेच नाहीत. एक भला रुंद पट्टा जसाच्या तसा आत घ्यायचा, त्याचे आकडे करायचे आणि निवडानिवड संगणकावर सोडायची. नियम असा, की पट्ट्याची जेवढी रुंदी, तिच्या किमान दुप्पट वेळा दर सेकंदाला माप घ्यायचं. ४०० मेगाहर्ट्झ रुंद पट्टा घेतला, तर सेकंदाला ८० कोटी मापं. एकदा आकडे झाले, की संगणक त्यांचे हजारो बारीक पट्टे पाडतो आणि प्रत्येक पट्टा स्वतंत्र रेडिओसारखा वापरता येतो. कॉइल नाही, गँग कंडेन्सर नाही, काटा नाही.

हे दोन्ही उपाय महाराष्ट्रात एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद इथं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानं उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण, म्हणजेच जीएमआरटी, तिथं आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. उटीची रेडिओ दुर्बीणही त्यांचीच. २०२० मध्ये ते गेले. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा तबकड्या मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या आवारात, उरलेल्या सोळा तीन दिशांना पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत २५ किलोमीटर. तबकड्या पत्र्याच्या नाहीत. बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या आहेत. जाळीची भोकं एक-दोन सेंटिमीटरची आणि ऐकायच्या लहरी एकवीस सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंतच्या. त्या लहरींना ती जाळी सपाट भिंतीसारखीच वाटते. वारा मात्र आरपार जातो. वजन कमी, खर्च कमी. हा खास आपल्या देशाला परवडणारा विचार होता.

२००२ मध्ये ही दुर्बीण शास्त्रज्ञांसाठी खुली झाली, तेव्हा तिला एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचाच पट्टा ऐकता येई. तबकडीच्या केंद्राशी चार बाजूंची एक फिरती चौकट असते. प्रत्येक बाजूवर वेगळ्या पट्ट्याचा कान, ज्याला फीड म्हणतात. चौकट फिरवली की कान बदलतो. म्हणजे आपला बँडस्विचच, पण ४५ मीटरच्या तबकडीवरचा! त्यात एक फीड मात्र वेगळा होता. २३३ आणि ६१० मेगाहर्ट्झचे दोन कान त्यांनी एकात एक, एकाच अक्षावर बसवले होते. त्यामुळे एकच तबकडी दोन्ही पट्टे एकदम ऐकू शकत असे.

२०१० नंतरच्या दशकात या दुर्बिणीची मोठी सुधारणा झाली. चार नवे रुंद पट्टे आले: १२० ते २५०, २५० ते ५००, ५५० ते ८५० आणि १०५० ते १४५० मेगाहर्ट्झ. ३२ च्या जागी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतची रुंदी. तीस तबकड्या, प्रत्येकीच्या दोन दिशांच्या लहरी आणि प्रत्येकीची सेकंदाला ८० कोटी मापं. हिशेब केला तर दर सेकंदाला ४८०० कोटी आकडे होतात. ते सगळे संगणकांनी त्याच सेकंदात पचवायचे. या रुंदीसाठी एक गोष्ट सोडावीही लागली. ५५० ते ८५० चा नवा फीड त्या जोड-फीडच्या जागी आला. रुंद कान मिळाला आणि एका तबकडीचे ते दोन कान गेले. यंत्र बनवताना काहीतरी दिल्याशिवाय काही मिळत नाही, ते असं.

या रुंदीचा उपयोग काय? हायड्रोजन वायू १४२० मेगाहर्ट्झवर लहर सोडतो. विश्व प्रसरण पावतं, त्यामुळे लांबच्या दीर्घिकांमधली हीच लहर ताणली जाऊन खालच्या कंप्रतेवर पोचते. जितकी लांब दीर्घिका, तितका खालचा सूर. अरुंद पट्ट्यातून पाहणं म्हणजे एकाच अंतरावरचं पाहणं. रुंद पट्टा म्हणजे विश्वाच्या इतिहासाचा एक मोठा तुकडा एकदम समोर येणं. २०२० मध्ये पुण्याच्या केंद्रातल्या आणि बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सुधारलेल्या दुर्बिणीनं ७६५३ दूरच्या दीर्घिकांचे अतिक्षीण संकेत एकत्र करून त्यांच्यातला हायड्रोजन मोजला. त्या लहरी निघाल्या तेव्हा विश्वाचं वय आजच्या निम्म्याहूनही कमी होतं.

पण एकाच वेळी अनेक बँड का हवेत, याचं सर्वांत सुंदर उत्तर स्पंदकांकडे आहे. इंग्रजीत त्यांना पल्सार म्हणतात. हे मेलेले, अतिशय घट्ट तारे. काही स्पंदक सेकंदाला शेकडो फेऱ्या मारतात आणि प्रत्येक फेरीला एक रेडिओ-ठोका देतात. जे १९०९-३७४४ या नावाचा एक स्पंदक जवळपास तीन मिलिसेकंदांत एक फेरी पुरी करतो. ही निसर्गाची घड्याळं. गुरुत्वीय लहर पृथ्वीवरून गेली, तर अशा अनेक घड्याळांचे ठोके किंचित पुढेमागे होतील. हा फरक मोजायला सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत पोचावं लागतं.

आणि इथंही तोच बांधावरचा प्रश्न! वाटेत अंतराळात मोकळे इलेक्ट्रॉन आहेत, ते ठोक्याला उशीर करतात. या स्पंदकाचा ठोका ४०० मेगाहर्ट्झवर १४०० पेक्षा सुमारे पाव सेकंद उशिरा पोचतो. तेवढ्यात तो तारा ऐंशीहून जास्त फेऱ्या मारून मोकळा झालेला असतो. वाटेवरच्या इलेक्ट्रॉनांत दहा हजारांत एक एवढा फरक पडला, तरी १४०० मेगाहर्ट्झवर सेकंदाच्या दोन दशलक्षांशांचा घोळ होतो. हव्या असलेल्या अचूकतेच्या तो वीसपट आहे. ४०० वर तोच घोळ बारापट मोठा दिसतो, म्हणून तो तिथं नीट मोजता येतो आणि मग वरच्या पट्ट्यातून वजा करता येतो. आज एक पट्टा ऐकला आणि पुढच्या आठवड्यात दुसरा, तर चालत नाही. सूर्याकडून येणारे कण आणि अंतराळातले ढग तेवढ्यात बदललेले असतात. दोन्ही पट्टे एकाच बैठकीत हवेत.

भारतीय पल्सार टायमिंग अ‍ॅरे या गटानं, ज्यात भारतीय आणि जपानी शास्त्रज्ञ आहेत, यासाठी साधी युक्ती केली. तीस तबकड्या आहेत ना? मग त्या वाटून घ्या. काही तबकड्यांचा कान ३०० ते ५०० मेगाहर्ट्झकडे, काहींचा १२६० ते १४६० कडे, आणि सगळ्यांची नजर एकाच ताऱ्याकडे. प्रत्येक पट्ट्याच्या वाट्याला तबकड्या कमी येतात, म्हणून संकेत थोडा क्षीण. पण दोन्ही पट्टे एकाच घडीचे. २९ जून २०२३ रोजी युरोपीय गटानं या भारतीय गटाबरोबर आपले निष्कर्ष जाहीर केले. विश्वात अतिमंद गुरुत्वीय लहरींची एक अखंड गुणगुण असल्याचा पुरावा त्यांना दिसला होता. त्याच सुमारास अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि चीनमधल्या गटांनीही तेच सांगितलं. शास्त्रज्ञ 'शोध लागला' म्हणायला जी कडक कसोटी लावतात, तिथवर तो पुरावा तेव्हा पोचला नव्हता, हेही त्यांनी स्पष्ट केलं. पण खोडदच्या जाळीदार तबकड्यांनी त्या कामाला खालच्या पट्ट्याचा कान दिला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे.

आता थोडं कटू बोलतो. मघाशी सांगितलेल्या चार पट्ट्यांकडे पुन्हा लक्ष द्या. तिसरा पट्टा ८५० ला संपतो आणि चौथा १०५० ला सुरू होतो. मधले दोनशे मेगाहर्ट्झ गायब आहेत. ८७० ते ९६० च्या दरम्यान मोबाइलचे मनोरे बोलतात, ते याच फटीत. आकाशातला संकेत इतका क्षीण असतो, की चंद्रावर कुणी मोबाइल चालू ठेवला, तर तो आकाशातल्या ठळक रेडिओ-उगमांत मोडेल. मग शेजारच्या मनोऱ्याचं काय सांगावं! फिल्टरनं जेवढं अडवता येतं तेवढं अडवतात. पण ज्या पट्ट्यात मनोरा बोलतो, तिथला तारा कुठल्याही फिल्टरनं परत मिळत नाही. ठिणग्या उडवणारी विजेची तार, खराब मोटार, सगळं त्या कानात जातं.

म्हणून त्या परिसरात शांतता लागते, आणि शांततेची किंमत तिथली माणसं मोजतात. पुणे-नाशिक लोहमार्गाचा मूळ आराखडा दुर्बिणीच्या परिसरातून जाणारा होता. दुर्बिणीला बाधा येईल म्हणून तो बदलायचं ठरलं. त्या भागातल्या लोकांना रेल्वे हवी होती आणि त्यांची मागणी काही चुकीची नाही. द्राक्षं, टोमॅटो, कांदा पिकवणाऱ्या माणसाला बाजारपेठ जवळ हवीच. दुर्बीण हलवता येत नाही आणि माणसाची गरजही टाळता येत नाही. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांच्या शेजारी देशाचा कान उभा आहे, त्यांना तो कान काय ऐकतो हे त्यांच्या भाषेत सांगितलं गेलं पाहिजे, आणि त्यांनी जे सोडलं त्याची भरपाई दुसऱ्या सोयींनी झाली पाहिजे. लोकांच्या सहमतीनं राखलेली शांतता टिकते. नुसत्या सरकारी कागदावरची टिकत नाही.

हा प्रश्न आपल्या मराठवाड्याच्याही दारात आला आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या. तिला रेडिओचा गोंगाट नाही, पण जमिनीची थरथर चालणार नाही. तीही एक शांतताच. गंमत अशी, की गुरुत्वीय लहरींनाही बँड असतात. हिंगोलीला ऐकू येतील त्या सेकंदाला दहा-वीसपासून हजारांपर्यंत कंपनं करणाऱ्या लहरी. स्पंदकांवरून खोडदला मोजतात त्या लहरींच्या एका हेलकाव्याला काही वर्षं लागतात. दोन्ही कान महाराष्ट्रातच.

शेवटी आमच्या भागातल्या महाविद्यालयीन मुलामुलींसाठी एक सांगतो. आज काही हजार रुपयांच्या आत, संगणकाच्या यूएसबीत बसणारा रिसीव्हर मिळतो. सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात त्याला. एका वेळी तो दोनेक मेगाहर्ट्झ ऐकतो, पण पडद्यावर सगळी केंद्रं उंचवट्यांसारखी एकदम उभी दिसतात. त्यावर एक प्रयोग करा. जवळच्या एफएम केंद्राच्या कंप्रतेची दुप्पट करा आणि तिथं पाहा. उंचवटा दिसला, तर तो बहुधा तुमच्या रिसीव्हरच्याच पोटातला आहे. मग डिश टीव्हीच्या केबलचा साधारण साठ सेंटिमीटरचा तुकडा घ्या, त्याचं एक टोक मोकळं सोडा आणि दुसरं टोक अँटेनाच्या वाटेवर टी-जोडानं जोडा. १०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा जोर ओसरेल आणि ते भूतही खाली बसेल. केबल एकेक सेंटिमीटर कापत गेलात, तर कुठल्या लांबीला कुठलं केंद्र दबतं, तेही हातानं करून कळेल. खोडदच्या इंजिनिअरांपुढे जो प्रश्न होता, तोच हा प्रश्न, फक्त साठ सेंटिमीटर केबलचा. त्यांनी काढलेली वाट कळायला यापेक्षा स्वस्त शाळा मला माहीत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)